माझ्याच अक्षरातली नोटीस

गेल्या महिन्यात कळव्याला होडीच्या तरीवर मला बंडखोर म्हणून धरलं... आणि तेही मीच लिहिलेल्या नोटिशीवरून.

मी कल्याणच्या मामलेदार कचेरीत कारकून. सरकारी कचेऱ्यांना आगी लावणारी टोळी आपल्या भागात फिरतेय, आता रेल्वेच्या पुलावर त्यांचा डोळा आहे, अशी कुणकुण होती. म्हणून त्यांच्या म्होरक्याची खबर देणाऱ्याला सरकारने मोठं इनाम लावलं. त्या नोटिशीच्या अकरा प्रती मीच नकलून काढल्या. ‘उंच, गोरा, दाढी वाढलेली...’ माझी स्वतःची दाढी दौतीत बुडायची तेवढी बाकी होती, तरी डोक्यात काही आलं नाही.

दाढीचं कारण सांगायला हवं. बायको पहिलटकरीण, ठाण्याला माहेरी गेलेली. बायकोला दिवस गेले की आम्हा ब्राह्मणांत नवरा दाढी करत नाही, मूल झाल्यावरच न्हाव्याकडे जायचं.

त्या सकाळी सासऱ्यांचा निरोप आला. कालपासून कळा चालू आहेत, मूल आडवं आहे, असाल तसे निघा. आगगाडी नुकतीच गेली होती आणि पुढची दुपारनंतर... आईने बाळंतिणीसाठी बांधून ठेवलेलं गाठोडं उचललं, मिळाली त्या बैलगाडीने शीळपर्यंत गेलो आणि तिथून चालत कळवा गाठलं.

तर खाडीला ओहोटी! होडी चिखलात बसलेली. मला एका जागी बसवेना. रेल्वेच्या पुलाखाली येरझारा घालत होतो, गाठोडं छातीशी, नजर सारखी वर... आता आठवलं की वाटतं, मीच मला पकडून दिलं असतं.

तरीवाला धर्मा मिठागरातली चार माणसं घेऊन आला. नोटीस त्याच्याच झोपडीवर लावलेली, तलाठ्याकडून वाचून घेऊन त्याने ती ध्यानात ठेवली होती. मी म्हटलं, अरे बाबा, ती मीच लिहिलीय. पुरावा म्हणून सबंध नोटीस धडाधड म्हणून दाखवली. झालं... सरळ माणसाला असलं तोंडपाठ कशाला असेल? त्यांनी होडीच्या दोराने माझे हात बांधले आणि फौजदाराला बोलवायला माणूस पिटाळला.

फौजदार संध्याकाळी येणार, मग चौकशी, मग कल्याणहून ओळख पटणार. तोवर बायको हाती लागेल की नाही, याचा भरवसा नव्हता. आणि तरीही खरं कारण माझ्या तोंडून निघेना. चार परक्या पुरुषांसमोर बायकोच्या बाळंतपणाचं बोलायचं कसं? ‘घरचं काम आहे’ एवढंच म्हणत राहिलो. असला मी शहाणा.

तेवढ्यात धर्माची आई आली. ठाण्यात दारोदार मीठ विकणारी म्हातारी, ब्राह्मणआळीतली सगळी घरं तिच्या पायाखालची. तिने माझ्या दाढीकडे बघितलं, समोर उकिडवी बसली आणि हळूच विचारलं, “बायको पोटुशी हाय का तुजी?”

मी मान हलवली आणि मला रडू फुटलं. तिने गाठोडं सोडलं. आत सुंठ, डिंक, खारीक, अळीव, बाळंतशोपा... तिला काही सांगावं लागलं नाही. “यो बंडवाला नाय,” ती म्हणाली. “सोरा याला.”

धर्मा कुरकुरला. होडी भाड्याची होती, इनामात स्वतःची झाली असती. आणि माणूस खरा की खोटा ते फौजदार बघेल, आपण खबर दिली की झालं, असं त्याचं म्हणणं. चुकीचं तरी कसं म्हणू? नोटिशीत मीही तसंच लिहिलं होतं.

म्हातारी एवढंच बोलली, “असल्या पैशाची होरी बुरंल, धर्मा.”

धर्माने गाठ सोडली. मग भरतीची वाट न बघता त्याने आणि उरलेल्या तिघांनी कमरेएवढ्या चिखलातून होडी ढकलत पाण्यापर्यंत नेली. पलीकडे पोचल्यावर त्याने उतारूचं भाडंही घेतलं नाही.

सासुरवाडीला पोचलो तर बाळंतिणीच्या खोलीचं दार लोटलेलं. सुईणीने मूल फिरवलं होतं, पण बायकोची शुद्ध हरपत चाललेली. मी दाराबाहेरून, सासऱ्यांच्या देखत, तिला नावाने हाक मारली. एकदा नाही, चार-पाचदा. लाज कळव्यालाच सोडून आलो होतो... आतून तिने बारीकशी ओ दिली. सुईण म्हणते, त्यानंतरच तिने जोर केला.

मुलगी झाली. दोघी खुशाल आहेत.

बारसं झाल्यावर गुळगुळीत दाढी करून, पेढे घेऊन कळव्याला गेलो. म्हातारीने ओळखलंच नाही. मग ओळखून जी हसली... धर्माने पेढा घेतला, पण माझ्याकडे नीट बघेना. मी त्याच्या शेजारी जाऊन बसलो, बराच वेळ.

निघताना म्हातारीने मूठभर खडेमीठ फडक्यात बांधून दिलं, पोरीची दृष्ट काढायला. रोज तिन्हीसांजेला बायको त्यातले चार खडे मुलीवरून उतरवते आणि मी बघत बसतो. माझ्या मुलीला आई आहे, ती हे मीठ देणाऱ्या घरामुळे.