हिरव्या बाहीची मालकीण

हेर लोरेन्झ (हेर म्हणजे जर्मनमधलं श्रीयुत) यांनी मला फसवलं. लपवून नाही, शिकवून शिकवून फसवलं.

ड्युसेलडॉर्फच्या शनिवारच्या जुन्या बाजारात त्यांचं टेबल असायचं. वर लाकडी ठशांनी छापलेली जुनी जपानी चित्रं, बहुतेक बायकांची. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते एक चित्र उलटं धरून त्याची पाठ निरखत होते. मी येवल्याची; आमच्याकडे पैठणी आधी उलटून बघतात. थांबलेच.

"समोरून सगळ्याच गोड दिसतात," ते म्हणाले. "कागद किती घासलाय, रंग किती मुरलाय, ते पाठ सांगते."

स्वयंपाकघरातल्या एका मशीनपासून उभं केलेलं माझं कपडेदुरुस्तीचं दुकान शनिवारी दुपारी बंद झालं, की त्यांच्या टेबलाशी माझी शाळा भरू लागली. ते कपाळावरचे केस दाखवत. "आल्झो, तर बघा, फ्राऊ शिंदे, हा एकेक केस लाकडात उभा ठेवलाय. बाकीचं सगळं कोरून टाकलंय." चेहऱ्याला तर रंगच नाही. "कोरा कागद आहे. रेघेने गाल केला, आणि तुम्हाला तो गुलाबी दिसतोय." मला खरंच दिसत होता. आणि त्यांचं लाडकं वाक्य: "बाई मधोमध उभी करू नये. कडेला सरकवा, कापा. उरलेली बघणारा पुरवतो."

याच वाक्याने माझा घात केला.

एका चित्रातली बाई मान पार वळवून डावीकडे बघत होती. किमोनोचा जांभळा विटून करडा झालेला. डाव्या कडेतून कोणाच्या तरी हिरव्या बाहीचं टोक आत आलेलं. मी पाठ बघितली, केस बघितले, विटक्या जांभळ्यावरून अर्धा तास भांडले. बाहीवरून वर मीच त्यांना ऐकवलं, "काय सुरेख कापलंय." त्यांनी नुसती मान डोलावली. विकणारा गप्प बसला की सावध व्हावं, हे मला कळायला हवं होतं.

चित्र दुकानात लावलं. स्कर्ट आखूड करायला आलेल्या एका जपानी बाईंनी कौतुकाने बघितलं आणि विचारलं, "बाकीची दोन कुठे लावलीत?"

तीन कागदांचं एक चित्र होतं. माझ्याकडे मधला.

घरी तणतणले तर हे म्हणाले, "अगं, बाई घेतलीस ना? बाई तर पूर्ण आहे."

शनिवारी मी बाजारात आवाज चढवला. हेर लोरेन्झ शांतपणे म्हणाले, "पाठ बघितलीत, कड नाही बघितलीत."

"बाकीचे कागद?"

"उजवा मी कधी पाहिलाच नाही. डावा त्याच दिवशी एका बाईंनी नेला. तुमच्याइतक्याच भांडल्या."

"कोण त्या?"

"नाही सांगणार. चित्रातल्या तिघी एकत्र आल्या की लोक गोष्ट वाचतात. एकटीकडे बघतात."

पुढे वर्षभर दर शनिवारी मी तेच विचारलं आणि त्यांनी तेच हसून टाळलं. फेब्रुवारीत ते गेले. टेबलावर आता त्यांची मुलगी असते. वडिलांनी कोणाचं नाव लिहून ठेवलेलं नाही म्हणते.

तेव्हा आता जबाब त्या दुसऱ्या बाईंनी द्यायचा. तुमच्या भिंतीवर हिरव्या किमोनोतली एक बाई आहे. तिची बाही उजव्या कडेला तुटलीय, आणि तुम्हीही त्याला सुरेख म्हणत बसला असाल. माझी बाई मान मोडेपर्यंत तिच्याकडे बघतेय. तुमची हसतेय की भांडतेय, ते माझ्या दुकानात येऊन सांगा. येताना तिला घेऊन या. भाव मी आधी बोलणार नाही.