गच्चीवरच्या तीन बरण्या

औषध उन्हात ठेवू नये, एवढं मला कळतं. गोळ्यांच्या पाकिटामागची बारीक अक्षरं चष्मा लावून वाचणारा आमच्या आळीत मी एकटाच. म्हणून त्या शुक्रवारी गच्चीवर, वाळत घातलेल्या तांदळाच्या फेण्यांशेजारी, अँटिबायोटिकचं नाव लिहिलेल्या तीन काचेच्या बरण्या भर उन्हात दिसल्या, तेव्हा त्या उचलून मी जिन्याखालच्या कपाटात ठेवल्या. दारही नीट लावलं.

लेक जेवून वर गेली आणि तशीच खाली आली. ती एमएस्सीला आहे, सुट्टीला महाडला आली होती.

"बाबा, बरण्या?"

"सुरक्षित आहेत," मी म्हणालो.

बरण्यांत घरामागच्या नाल्याचं पाणी होतं, त्यात तिने मोजून घातलेलं औषध आणि चिमूटभर पांढरी पावडर. ही पावडर उजेड मिळाला की औषधाचे तुकडे करते. अंधारात नुसती तळाशी बसते. हे ताडून बघायला एक बरणी तिने मुद्दाम काळ्या कागदात गुंडाळली होती. मी तिन्हींची तीच गत केली. दर तासाला नमुना काढायचा होता, सोमवारी ते सगळे कॉलेजात द्यायचे होते, आणि कशेडी घाटाच्या बाजूने ढग येत होते.

ती ओरडली नाही. "उद्या ऊन पडलं तर पुन्हा करते," एवढंच म्हणाली. ते मला जास्त लागलं. मग मी भलतीकडेच तापलो.

"पण आपल्या नाल्यात औषध येतंच कुठून?"

मागच्या खेपेला तिने नेलेल्या पाण्यात कॉलेजच्या यंत्राला औषधाचे अंश सापडले होते. "थोडं थोडं सगळीकडून," ती म्हणाली. "कारखाने, दवाखाने, कोंबड्यांच्या शेड, घरं. जंतूंना रोज थोडं मिळालं की ते सरावतात. मग आजारी माणसाला तेच औषध लागू पडत नाही."

त्या तपासणीचा तिच्याकडचा कागद घेऊन मी तडक पाण्याच्या तक्रारी घेतात त्या कचेरीत गेलो. तिथल्या साहेबांनी तो उलटसुलट पाहिला.

"पाण्याला रंग आहे?"

"नाही."

"वास? मासे मेलेत?"

"अजून तरी नाही."

"मग काका, तक्रार कसली लिहू? आमच्या तक्त्यात या औषधाचा रकानाच नाही."

रकाना नाही, म्हणून पाण्यात औषध नाही. माझ्या अंगाची लाही झाली. हाच नाला पुढे नदीला मिळतो, नदीकाठच्या विहिरींचं पाणी माणसं पितात, लहान पोरं पितात. म्हणजे मासे मरेपर्यंत थांबायचं आणि मग पंचनाम्याला यायचं. चिमूटभर पावडर उन्हात पडून आपलं काम चोख करते, आणि इथे पंख्याखाली बसलेल्या माणसाला एक रेघ ओढता येत नाही. "पट्टी आणून देऊ का?" एवढंच मी बोलू शकलो. बाकीची सणसणीत उत्तरं परतताना रिक्षात सुचली.

ती सगळी मी बायकोला ऐकवली. तिचं माहेर कापडे गावचं; ढग बघून ती फेण्या गोळा करत होती. सुपात शेवटची फेणी ठेवून ती म्हणाली, "बोललात ते बरं केलंत. सोमवारी लेखी द्या. फक्त एक करा, दाढ दुखायची थांबली म्हणून तुम्ही तसल्याच औषधाच्या पाच दिवसांच्या गोळ्या दोन दिवसांत सोडल्यात, उरलेल्या मोरीत टाकल्यात, तेही त्यात लिहा. आपली मोरी नाल्यातच जाते. आणि गच्चीची किल्ली आता माझ्याकडं हाय. पोरीचं काम होईस्तोवर तुम्हाला मिळायची नाय."