बिनगाठीचा देठ

शाहू महाराजांच्या राज्यात गुजरीतले सोनार साज घडवायचे आणि ओवायला मागच्या बोळात मीरासाब पटवेगाराकडं धाडायचे. दुकानात मीरासाब बसे, पण नाजूक काम आत त्याच्या बायकोकडं, खतिजाबीकडं जाई. दर दोन मण्यांमध्ये ती रेशमाची गाठ मारी, म्हणजे माळ तुटली तरी एखादाच मणी सांडायचा. तिची गाठ दातानंही सुटत नसे.

लग्नाला चौदा वर्षं झाली होती, पदरात मूल नव्हतं. धाकट्या जावेला, लालबीला, सहा वर्षांत तीन झाली आणि चौथं वाटेवर होतं. लालबीला मात्र ओवता येत नसे. दोन मणी आत गेले की तिसरा घरंगळायचा. खतिजाबीला ते बघून बरं वाटे. पोरं तिची, गाठ माझी, अशी वाटणी तिनं मनोमन करून टाकली होती.

एकदा कॉलेजात जीवशास्त्र शिकवणारे आण्णा एक बाटली घेऊन आले. स्पिरिटात मालवणच्या किनाऱ्यावरचा शिंपला होता आणि त्यावर तपकिरी झुपका. त्यांनी खतिजाबीच्या हातात भिंग दिलं.

"शेवाळ हाय की हो, आण्णा."

"शेवाळ नव्हे, प्राणी आहे. हा देठ, ह्या फांद्या. टोकाटोकाला इवली वाटी, तिच्यात एकेक जीव. त्याच्या तोंडाभोवती बोटं, भक्ष्य धरायला. आणि फांदीच्या बगलेत ही लांबट बरणी दिसते? तिला तोंड नाही, बोटं नाहीत. तिच्यात फक्त पिल्लं वाढतात. छत्रीसारखी होतात आणि पोहत निघून जातात."

"मग ती बरणी खातीया काय?"

"बाकीचे खातात, ते तिला पोचतं. कॉलेजच्या मुलांना बाटलीत काही दिसत नाही. हाच प्राणी मण्यांचा, हातभर मोठा करून द्याल?"

"म्हंजे राबणारे येगळे, आन् पोरं काढणारे येगळे," खतिजाबी म्हणाली.

आतून लालबी खदखदून हसली. "भाबी, आपलंच घर की वो हे!"

खतिजाबी हसली नाही.

आठ दिवस तिनं मान वर केली नाही. खाणाऱ्यांना पोवळी लावली, त्यांना रेशमी धाग्यांची बोटं केली. बरण्यांना मात्र डब्याच्या तळाशी पडलेले, कुणी न घेतलेले काचेचे लांबट मणी. ह्यांना एवढंच पुरे, असं म्हणत तिनं आत पिल्लं म्हणून मोहरीएवढे मणी सोडले. आणि हात लागेल तिथं गाठ मारली.

आण्णांनी ते उचलून उजेडात धरलं. "सुरेख. पण हा प्राणी मेला, खतिजाबी."

"मेला?"

"गाठी मारल्यात ना! ह्याचा देठ आतून पोकळ असतो. सगळ्यांचं पोट एकच. गाठ आली की एकाचं खाल्लेलं दुसऱ्याला पोचणार कसं? मंगळवारपर्यंत बघा, नाहीतर कुंभाराकडून मातीचा करून घेतो."

तिच्या हातचं काम आजवर परत आलं नव्हतं. दोन दिवस तिनं रेशमाला हात लावला नाही. गाठीशिवाय ओवायचं म्हणजे काय, तेच तिला कळेना.

तिसऱ्या दिवशी लालबी उंबऱ्यावर बसून चार वर्षांच्या फातिमाच्या इजारीची नाडी चाचपत होती. पोरीनं नाडीच्या तोंडातून जोंधळ्याचा दाणा आत कोंबला होता. लालबी तो चिमटीनं पुढं सरकवू लागली.

"भाबी, बघा तरी! तुमच्या नाडीतनं दाणा गावाला चाललाय."

खतिजाबीनं बघितलं. नाडी तिनंच विणलेली, पोकळ गोफाची. दाणा ह्या टोकातून त्या टोकाला बाहेर पडला. देठ असाच पोकळ विणायचा. सुचायचं होतं तर हिच्याच हातून? पोरं तर हिची आहेतच, आता हेही? जाऊ दे कुंभाराकडं, असं तिच्या ओठांवर आलं.

पण गुजरीत बोभाटा झाला असता की पटवेगारणीला जमलं नाही आणि मडकी करणाऱ्याला जमलं. दुपारी तिनं दाभणाभोवती रेशीम विणायला घेतलं. फांदी फुटेल तिथं धागे वाटून पोकळीतून पोकळी काढली, पोवळी आणि काच त्याच जागी बसवली.

मंगळवारी आण्णांनी देठाच्या बुडाशी राळ्याचा दाणा सोडला आणि चिमटीनं सरकवत थेट बरणीच्या बुडाशी नेला. "वा! हे कुणाला सुचलं?"

लालबी दारात पोटावर हात ठेवून उभी होती.

"नाडी माझी," खतिजाबी म्हणाली. मग लालबीकडं मान वळवून, "दाणा हिच्या पोरीचा. बघितला हिनं."

"आणि ह्या बरण्यांना काच लावलीत ते किती छान! आत पिल्लं दिसतात."

"ते भाबींचंच," लालबी पटकन म्हणाली. "पोरांचं काय बी असलं की भाबी जीव लावत्यात."

खतिजाबीनं मान खाली घातली आणि तोडायची गरज नसलेला धागा दातांनी तोडू लागली.