तीन सिलिंडरांवरचा संत

आमच्या पेद्रा रेदोंदा गावात ओस्मारचं आडनाव कुणाला ठाऊक नसे. काट्यावरचा ओस्मार म्हटलं की पुरे. कॉफीच्या गोदामात वजनकाट्यासमोर त्याचा जन्म गेला. पोत्याकडे नुसतं बघून ते ओलं आहे की सुकं, भरलेलं आहे की मालकाने हात राखून भरलंय, हे तो सांगायचा. त्याचा एकच धर्म होता. जड ते जड, हलकं ते हलकं, आणि जड उचलायला मोठंच काहीतरी लागतं. देवाने जग असंच केलंय अशी त्याची खात्री होती आणि लाल गाडी घरी येईपर्यंत जगानेही तिला धक्का लावला नव्हता.

त्याची आधीची गाडी म्हणजे मागे उघडा हौदा असलेली, एक लिटर इंजिनाची, रंग उडून कुठल्याच रंगाची न राहिलेली. ती एका पहाटे गोदामाच्या दारात जी बसली ती उठलीच नाही. मग मे महिन्यात ओस्मार जिल्ह्याच्या गावी गेला आणि एक जुनी पण बरी, छोटी, बंद टपाची लाल गाडी घेऊन आला. इंजिन पुन्हा एकच लिटर. त्याबद्दल त्याची तक्रार नव्हती. आमच्या गावात एक लिटरच्या गाडीतच माणसं लग्नाला जातात आणि स्मशानातही. पण घरी आल्यावर त्याने बॉनेट उघडलं, मोजलं, पुन्हा मोजलं आणि बायकोला हाक मारली.

"निल्सेया, ह्यात एक सिलिंडर कमी आहे."

निल्सेयाने हात पुसत येऊन पाहिलं. तिला कमी काही दिसलं नाही, पण गाडी उभ्या उभ्या थरथरत होती हे तिलाही पटलं. थंडी वाजल्यासारखी. शेजारीपाजारी जमले. कुणी म्हणालं एक सिलिंडर मेलंय, कुणी म्हणालं विकणाऱ्याने काढून ठेवलंय. ओस्मारने जिल्ह्याच्या गावी फोन लावला. विकणारा शांतपणे म्हणाला की तीनच असतात आणि ताकद मात्र चारवाल्यापेक्षा दीडपट आहे, कारण हिला टर्बो आहे. म्हणजे गाडी जो धूर मागे टाकते त्याच्या जोरावर एक पंखा फिरतो आणि तो पंखा इंजिनात जास्तीची हवा कोंबतो. दूरच्या प्रवासानंतर लगेच किल्ली फिरवून इंजिन बंद करू नका, त्या पंख्याला जरा गार होऊ द्या, असंही त्याने सांगितलं.

ओस्मारने फोन ठेवला आणि ओट्यावर बसून राहिला. पोत्यातून चौथा हिस्सा काढून घ्यायचा आणि काट्यावर ठेवलं की ते दीडपट भरतं? असं पोतं कुणी गोदामात आणलं असतं तर ओस्मारने त्याला पोलिसात दिलं असतं. आणि धुराचं काय? जे बाहेर टाकलं तेच आत ढकलायला कामाला लावायचं?

"त्यात काय एवढं," निल्सेया कॉफी गाळता गाळता म्हणाली. "तूही दिवसभर जी कुरकुर बाहेर टाकतोस तिच्याच जोरावर तर दुसऱ्या दिवशी चालतोस."

तेव्हापासून ओस्मार ती गाडी अंड्यांच्या टोपल्या लादल्यासारखी चालवू लागला. पेट्रोलच भरायचं, उसाचं अल्कोहोल नाही, कारण आमच्याकडे जुलैत हिवाळा, आणि त्या थंडीत अल्कोहोलवर गाडी रुसते हा जुन्या गाडीचा अनुभव. पाय अलगद ठेवायचा. चढ टाळायचा. गोदामाला जाताना तो सरळ रस्ता सोडून नदीकाठाने वळसा घालून जायचा, कारण सरळ रस्त्यावर गाढवचढ होता.

गाढवचढ म्हणजे आमच्या गावाची परीक्षाच. खाली मोठं देऊळ, वर टेकडीवर छोटं देऊळ, मध्ये दगडी फरसबंदीचा, भिंतीला टेकवलेल्या शिडीसारखा उभा रस्ता. एक लिटरच्या गाडीने तो चढायची रीत गावात लहान पोरालाही पाठ आहे. गाडीतला थंड हवेचा खटका बंद करायचा. सासू, पोरं, भाजी, सगळं खाली उतरवायचं. देवळाच्या कोपऱ्यापासून धाव घ्यायची. दुसरा गियर, पाय तळाला, आणि वर पोचेपर्यंत तो उचलायचा नाही. उचलला की गाडी मेली.

आणि जुलैत संत क्रिस्तोवाओचा दिवस. हा वाहनवाल्यांचा संत. अंगाने धिप्पाड, हातात काठी, खांद्यावर एवढंसं बाळ. कथा अशी की नदी ओलांडताना ते बाळ इतकं जड झालं की हा बुडता बुडता वाचला. ओस्मारला ते वजन कधी पटलं नव्हतं. मूर्ती रंगवायला एकदा गोदामात ठेवली होती तेव्हा त्याने बाळ हळूच सुटं करून काट्यावर ठेवून पाहिलं होतं. कोंबडीएवढं भरलं. पण त्या दिवशी संताला मिरवत वरच्या देवळात न्यायचा मान त्याच्या घराचा होता. आधी त्याच्या बापाची बैलगाडी, मग ओस्मारचा हौदा. वर्षभर गोदामात पोत्यांच्या धुळीत खोकणारा माणूस त्या एका दिवशी पांढरा सदरा घालून गावाच्या पुढे चालायचा. ओस्मारकडे सांगण्यासारखं दुसरं काही नव्हतं, आणि त्याला ते माहीत होतं.

त्या वर्षी उत्सवाच्या बैठकीत ओरोझिंबो उठला. ओरोझिंबो म्हणजे ओस्मारच्या मुलीचा बाप्तिस्म्यातला धर्मपिता. त्यामुळे दोघं एकमेकांना कोंपाद्रे म्हणत आणि त्या नात्याच्या आडून एकमेकांना मनसोक्त टोचत. त्याच्याकडे सहा सिलिंडरची जुनी लांबलचक गाडी होती, जी वर्षातून दोनदा बाहेर निघे आणि उरलेले दिवस पुसली जाई. त्याने शांतपणे मांडलं की कोंपाद्रेवर त्याचं प्रेम आहे, पण तीन सिलिंडर म्हणजे शिवणयंत्र. संताचा पाय त्या इंजिनापेक्षा मोठा आहे. गाढवचढावर गाडी मेली आणि संत मागे घरंगळला तर वर्षभर गावातल्या एकाही वाहनाला बरकत येणार नाही.

ओस्मारने उत्तर द्यायला हवं होतं. पण त्याला स्वतःलाच तसं वाटत होतं. तो एवढंच म्हणाला, "धुरावर चालते म्हणतात." ह्याने त्याची बाजू काही भक्कम झाली नाही.

गावचा धर्मगुरू पाद्रे एवाल्दो तरुण होता, शहरातून आलेला, आणि गावातले मान-अपमान त्याला अजून उलगडत नव्हते. त्याने मधला मार्ग काढला. नावाआधी आदराचं 'सेऊ' लावत तो म्हणाला, सेऊ ओस्मारनी यंदा संताला न्यावं. गाडी चढावर कुठे थांबली तर संत तिथेच सेऊ ओरोझिंबोंच्या गाडीवर चढेल आणि मान कायमचा त्यांच्याकडे जाईल. सगळ्यांनी माना डोलावल्या. ओरोझिंबोने त्याच संध्याकाळी टपावर मूर्ती बांधायला नवा दोर घेतला.

संताच्या दिवशी सकाळी देवळासमोर गावातली सगळी चाकं जमली. ट्रक, दुचाक्या, ट्रॅक्टर, एक रुग्णवाहिका, भाज्यांची हातगाडीसुद्धा. लाल गाडीच्या टपावर लाकडी चौरंग, त्यावर कागदी फुलं, त्यात संत, पोती बांधायच्या पट्ट्यांनी चारी बाजूंनी आवळलेला. ओस्मारने पट्ट्या पुन्हा पुन्हा ओढून पाहिल्या. त्या कामात तरी त्याला शंका नव्हती.

मिरवणूक गाढवचढाच्या पायथ्याशी आली आणि रिवाजाप्रमाणे थांबली. बँडवाल्यांनी श्वास घेतला. चार धट्टेकट्टे गडी येऊन गाडीच्या पाठीला हात लावून उभे राहिले. हाही रिवाजच. जुनी गाडी तळाला पाय दाबूनही माणसाच्या चालीने चढायची, किंचाळत, आणि हे गडी तिला रेटायचे. मागे पाद्रे तीर्थ शिंपडत, मागे बँड, मागे सारं गाव. त्यामुळे संत कसा गावाबरोबर चालतोय असं वाटायचं.

निल्सेया गाडीतून उतरली. उतरताना म्हणाली, "पाय उचलू नकोस."

"माहितीये मला."

ओस्मारने थंड हवेचा खटका बंद केला, छातीवर क्रॉसची खूण केली, दुसरा गियर टाकला आणि दोन महिने अंड्यांवर ठेवलेला पाय एकदाचा तळाला दाबला.

आधी काहीच झालं नाही. गाडी गुरगुरली, जराशी सरकली, आणि ओस्मारला वाटलं, संपलं, कोंपाद्रेचा दोर आता कामाला येणार. गड्यांनीही "हो" म्हणून जोर लावला. आणि मग बॉनेटखाली कुणीतरी लांब शीळ घातली. पंखा फिरला होता.

त्यापुढचं गड्यांनी नीट पाहिलं नाही, कारण ते फरसबंदीवर हातापायांवर पडलेले होते. बँडच्या तोंडाशी सूर तसाच राहिला. पाद्रेने शिंपडलेलं तीर्थ जिथे गाडी होती तिथे पडलं. लाल गाडी फुलं उधळत, संताला डुलवत चढावर निघाली होती, आणि आत ओस्मार दोन्ही हातांनी चाक धरून, डोळे विस्फारून, पाय तळालाच ठेवून बसला होता. कारण पाय उचलला की गाडी मेली. गावाने त्याला लहानपणापासून हेच शिकवलं होतं आणि दुसरं काही करायचं त्याच्या पायाला सुचणं शक्यच नव्हतं.

वर छोट्या देवळापाशी फक्त आतषबाजीवाला तोन्यिको होता. संत आला की बाण सोडायचे एवढाच त्याला हुकूम. त्याने संत पाहिला, बाण सोडले, आणि मग चढाकडे बघून विचारलं की बाकीचे कुठे आहेत.

ओस्मारने मागे पाहिलं. चढावर एक कुत्रं. बाकी कुणी नाही.

आता ह्याला काय म्हणायचं? गाडी थांबली नव्हती. म्हणजे मान राहिला. पण मान ज्याच्यासमोर मिरवायचा ते गावच खाली राहिलं होतं. परत खाली जावं तर आशीर्वादाआधी संताने चढ उतरायचा नाही, हा बापाच्या वेळचा नियम. न जावं तर खाली लोक काय समजत असतील? त्याने देवळासमोरच्या मोकळ्या जागेत गाडी वळवली आणि कुणी दिसतंय का ते पाहायला तोंड चढाकडे करून उभी केली. पंख्याला गार होऊ द्यायचं म्हणून इंजिन चालूच ठेवलं. गाडी पुन्हा थंडी वाजल्यासारखी थरथरू लागली, जशी काही ती नव्हेच.

खाली बाणांचा आवाज ऐकून अर्ध्या गावाला वाटलं संत पडला. काही बायका रडू लागल्या. मग सगळे जमेल तसे चढू लागले. बँड नाही, रांग नाही, ट्रकवाले ट्रक सोडून पायी. सगळ्यांच्या पुढे, धापा टाकत, ओरोझिंबो.

"संताला पळवून आणलंस, कोंपाद्रे," तो गुडघ्यांवर हात टेकून म्हणाला. "ही मिरवणूक होती. दरोडा नव्हता."

ओस्मार गाडीतून उतरला. त्याचा पांढरा सदरा पाठीला चिकटला होता. "परवा म्हणालास चढणार नाही. आज म्हणतोस फार चढली. एकदा काय ते ठरव. हिच्यात दम आहे का नाही?"

ओरोझिंबोने गाडीकडे पाहिलं. तोही प्रामाणिक माणूस. त्याने खरंच विचार केला. "आहे," तो म्हणाला. "पण तिचा नाही. वाऱ्याकडून उसना आणलाय. उसन्या दमावर संत नेत नाहीत."

ह्यावर गावाचे दोन तट पडले. एक म्हणे, अट थांबण्याची होती, गाडी थांबली नाही, मान ओस्मारचा. दुसरा म्हणे, मान संताला नेण्याचा नसतोच, गावाला संताबरोबर नेण्याचा असतो, आणि गाव तर अजून वर येतंय. पाद्रे एवाल्दो दोघांनाही बरोबर म्हणाला. मग निल्सेया पुढे आली आणि तिने नवऱ्याच्या सदऱ्याची मागची बाजू ओढून सैल केली. ओस्मारला तेच जास्त लागलं. त्याने पट्ट्यांच्या गाठींना हात घातला. कोंपाद्रेची गाडी येईल तेव्हा उशीर नको, म्हणून.

तेवढ्यात दोना जोवेलिना पोचली. गावातली सगळ्यात म्हातारी बाई, नातीच्या खांद्यावर हात टाकून, दर चार पावलांना थांबत. ती शेवटी येते आणि ती आल्याशिवाय आशीर्वाद होत नाही, हे पाद्रेलाही आता कळलं होतं. ती गाडीसमोर थांबली आणि वर बघत राहिली. ओस्मारचे हात गाठीवरच थबकले.

"सेऊ ओस्मार," ती म्हणाली, "तुझ्या बापाच्या बैलगाडीपासून ह्या चढावर मी ह्याच्या मागून येते. आजवर मला ह्याची पाठच दिसली. आज चढताना पहिल्यांदा तोंड दिसलं. वाट बघत उभा होता माझी."

सगळ्यांनी माना वर केल्या. खरंच, वळवून ठेवलेल्या गाडीवर संताचं तोंड चढाकडे होतं. आणि जो जो चढून आला होता त्याने ते येताना पाहिलं होतं, फक्त भांडणात ते ध्यानात आलं नव्हतं. ओरोझिंबोने टोपी काढली आणि कशाला काढली हे न कळल्यासारखी पुन्हा घातली.

तेव्हापासून आमच्या गावात असंच आहे. संत एकटा पुढे जातो आणि वर तोंड वळवून वाट बघत उभा राहतो. गाव मागून चढतं. एवढ्या घाईने वर जाईल अशी गाडी गावात एकच, त्यामुळे मान ओस्मारकडे राहिला, आणि दोना जोवेलिनाला ओरोझिंबो आपल्या लांब गाडीतून आणतो. ती गाडी अर्ध्या चढावर थांबते, तेव्हा म्हातारी उतरून चालते. पाहुणे विचारतात की ही प्रथा किती जुनी. जुनी आहे, असं आम्ही सांगतो.

ओस्मारचं मात्र समाधान नाही. लोक यायच्या आधी वर त्याला जो वेळ मिळतो त्यात तो दरवर्षी बॉनेट उघडतो आणि आत वाकून मोजतो. वर टपावर संत, संताच्या खांद्यावर ते कोंबडीएवढं बाळ, आणि खाली काट्यावरचा ओस्मार चौथं सिलिंडर शोधतोय. लोकांचे आवाज जवळ आले की तो बॉनेट लावतो, सदरा झटकतो आणि आपल्याला सगळं कळलंय अशा चेहऱ्याने उभा राहतो.