म्हशीची वेळ

आईने गुडघ्याचं ऑपरेशन जवळजवळ वर्षभर पुढे ढकललं. डॉक्टरांना ती रक्तदाबाचं कारण सांगे, नातेवाइकांना उसाच्या तोडीचं. खरं कारण गोठ्यात बांधलेलं होतं. म्हशीचं रेडकू जन्मल्याबरोबर दगावलं होतं आणि तेव्हापासून ती फक्त आईच्या हाताला पान्हवत असे. धार पहाटेच काढावी लागे, कारण डेअरीचा टेम्पो उजाडता उजाडता फाट्यावर येतो आणि कोणासाठी थांबत नाही.

अखेर जिना चढणं बंद झालं तेव्हा आई दौंडच्या दवाखान्यात जायला तयार झाली. तिची अट एकच होती: रोज धार निघाली पाहिजे. म्हैस आटायला लागल्याचं कळलं, तर ती टाक्यांसकट घरी येणार होती. आई असं बोलली की करते, याचा घरात सर्वांना अनुभव होता.

काम माझ्याकडे आलं. वर्तमानपत्राच्या रात्रपाळीत वीसेक वर्षं गेल्यामुळे पहाट मला माहीत होती, पण ती घरी जाऊन झोपण्याची वेळ म्हणून. बायकोची नोकरी पुण्यात आणि माझं काम आता घरून, त्यामुळे गावी, न्हावऱ्यात, येऊन राहायचं टाळायला सबब उरली नव्हती.

"तू उठशील व्हय?" निघताना आईने विचारलं.

"गजर लावतो."

"गजर वाजतोय, पर तुझ्याच्यानं उठवत न्हाई. भाऊंना सांगून ठेवलंय."

भाऊ म्हणजे शेजारचे चाचा. ते पहाटेच्या नमाजाला मशिदीत जातात. जाताना त्यांनी मला उठवायचं ठरलं होतं. हे काम ते दार वाजवून करतील असा माझा समज होता. त्यांनी काठीने पडवीचा पत्रा वाजवला. त्या दिवशी माझ्याबरोबर समोरची दोन घरंही उठली.

पहिल्या दिवशी म्हशीने सहकार्य केलं नाही. आंबोण खाल्लं, कासेला कोमट पाणी लावू दिलं, आणि दूध चढवून ठेवलं. मी बराच वेळ आचळं ओढत बसलो. तिने एकदा मान वळवून माझ्याकडे पाहिलं. मुलाखत द्यायची नसलेला पुढारी असंच पाहतो.

चाचा मशिदीतून परतताना गोठ्यापाशी थांबले. बादलीत डोकावून म्हणाले, "वहिनीचं पातळ नेस."

"लोक काय म्हणतील?"

"लोक झोपल्यात."

ही माहिती चुकीची होती, पण ते मला नंतर कळलं. माणूस बदलला की घरच्या बाईचं लुगडं गुंडाळून धार काढायची, ही आमच्याकडची जुनी रीत आहे. त्यात हसण्यासारखं काही मानत नाहीत, निदान तोंडावर. दुसऱ्या दिवशी मी आईच्या कपाटातलं हाताला आलं ते पातळ नेसलो. म्हशीने पदर हुंगला, थोडा चावला आणि बादलीचा तळ जेमतेम झाकेल एवढं दूध दिलं. तेवढ्यात फाट्यावर टेम्पोचा हॉर्न वाजला. मी बादली घेऊन धावलो. रांगेत उभा राहिल्यावर लक्षात आलं की पातळ अंगावरच आहे.

गावातले बहुतेक कॅन आणि त्यांचे मालक तिथे हजर होते. दूध मोजणाऱ्याने मापातून मान वर न काढता विचारलं, "वहिनी, गुडघा लवकर बरा झाला म्हणायचा?"

मी घरी पोचण्याआधी बातमी दौंडला पोचली. इतक्या वर्षांत आमच्या कुठल्याही आवृत्तीला हे जमलं नव्हतं. आईचा फोन आला.

"कुठलं नेसलास?"

"हिरवं."

"ते लग्नातलं हाय. त्याला डांबराच्या गोळ्यांचा वास येतोय. म्हस कशी वळखंल? रोजचं दोरीवर व्हतं की." मग ती म्हणाली, "राहू दे. मी उद्या येते. इथल्यांनी सोडलं न्हाई तरी येते."

ऑपरेशन झालं होतं, पण तिला गुडघा अजून नीट वाकवता येत नव्हता. मी चाचांना हे सांगितलं. ते पत्र्याखाली बिडी पेटवत होते. "पातळाचं जाऊ दे," ते म्हणाले, "धार काढताना वहिनी गप बसतीय व्हय कवा? सारखी शिव्या घालती. म्हशीला त्याची सवय. फोन लाव."

तिसऱ्या पहाटे मी फोन खुंटीला टांगला आणि स्पीकर चालू केला.

"काय गं भवाने," दौंडहून आई म्हणाली, "लई माजलीस का? माझ्या पोराला उपाशी मारतीस?"

म्हशीचे कान मागे गेले. आचळं ताठली. पुढच्या क्षणी बादलीत धार वाजायला लागली. फोनमधून नर्सचा आवाज आला, "मावशी, हळू. पेशंट झोपलेत." आई म्हणाली, "दोन मिनिटं थांब बाई, पान्हवलीय." मागून कोणा म्हातारीने विचारलं, "पान्हवली का? बरं झालं." दोन दिवसांत तो सगळा वॉर्ड धारेच्या वेळेला जागा होऊ लागला. आईच्या शेजारच्या खाटेवरच्या बाई तर म्हशीला स्वतंत्र शिव्या देत. आईने त्यांना तेवढी मुभा दिली होती. तिने घरी येण्याचं नाव काढलं नाही आणि गुडघ्याचा व्यायाम सुरू केला.

या काळात माझ्यात काही बदल झाले. चाचांचा पत्रा वाजण्याआधी डोळे उघडू लागले. धार झाली, टेम्पो गेला, की चुलीवर चहा ठेवायचा आणि गव्हाणीच्या कडेवर बसून चाचांबरोबर प्यायचा. उसाच्या पाचटावर दव असे, पाटसच्या रस्त्याने कारखान्याचे ट्रॅक्टर जात असत. त्या वेळात कोणी मला काही विचारत नसे आणि मलाही कोणाला काही विचारायचं नसे. नोकरीत अशी वेळ कधी मिळाली नव्हती. हे सुख मी पुण्याला कळवलं. बायकोने उत्तर दिलं की ती झोपली होती.

आई घरी आली, तेव्हा तिची खाट गोठ्याकडच्या खिडकीशी लावली. फोनची गरज संपली. धार नीट वाजत नसली की खिडकीतून आवाज येई आणि त्यामागोमाग वॉकर सरकवल्याचा. आवाज मला हवाच असे. वॉकर सरकला की माझा हात वेगाने चाले, कारण गोठा शेणाने निसरडा होता आणि तिथवर आली तर ती पडली असती.

एका सकाळी खिडकी गप्प राहिली. मी वाट पाहिली. म्हशीनेही पाहिली. मग मी तोंडाला आलं ते बडबडत कासेला हात लावला आणि ती पान्हवली. बादली भरली. दूध टेम्पोला देऊन मी घाईने घरात गेलो. आई भिंतीकडे तोंड करून झोपली होती. इतक्या उजेडात झोपलेली आई मी कधी पाहिली नव्हती. श्वास चालू असल्याची खात्री करून घेतली, तोच तिने डोळे उघडले.

"धार?"

"झाली. टेम्पोला दिलं दूध."

"माझ्याबिगर पान्हवली?"

"व्हय."

तिने आढ्याकडे पाहिलं. तिला बरं वाटलं की वाईट, ते चेहऱ्यावरून कळत नव्हतं.

"बेइमान हाय," ती म्हणाली. मग पांघरूण डोक्यावरून ओढून घेतलं आणि आतूनच सांगितलं, "चहा झाला की उठीव. लगेच नको."