जेंडरबाईचं माहेर

जेंडरबाई कोणाच्याही घरी जेवायला बसली की पहिला घास हातात धरून थांबायची. भाकरी करणारी बाई चुलीपासून उठून, स्वतःचं ताट वाढून शेजारी येऊन बसेपर्यंत तो घास तोंडात जायचा नाही. पुरुषमंडळी अवघडून एकमेकांकडे बघत राहायची आणि तिकडे तव्यावरची भाकरी करपायची. शिरूर अनंतपाळजवळच्या एका गावात एक म्हातारी तिला म्हणाली होती, "माय, तुझी समानता व्हईस्तोर माझी भाकर जळून राहिली. खा गप." जेंडरबाई हसली, ताट उचललं आणि चुलीपुढं जाऊन म्हातारीला लागून बसली. जेवली तिथंच, धुरात, डोळे पुसत.

तिचं खरं नाव आमच्या भागात कोणी घेत नसे. बचत गटाच्या पहिल्याच बैठकीत तिने फळ्यावर 'जेंडर' हा शब्द लिहून तो तासभर समजावला. बायकांच्या लक्षात शब्द तेवढा राहिला, तो त्यांनी तिलाच देऊन टाकला. ती नांदेड जिल्ह्यातली, इस्लापूरकडची, शेतकऱ्याची मुलगी. नांदेडला समाजकार्याचं शिक्षण घेऊन लातूरच्या एका संस्थेत नोकरीला लागली होती. लग्न झालं होतं आणि दोन वर्षांत मोडलंही होतं. मी एकदा खोदून विचारलं तेव्हा एवढंच म्हणाली, "तिथं मी नुसती राबून राहिले होते, अक्का." पुढे तो विषय तिने कधी काढला नाही आणि मीही काढला नाही.

माझा धंदा शेळ्यांचा. आठवडी बाजारात शेळ्या विकत घ्यायच्या, सांभाळायच्या, वजन भरलं की विकायच्या. आमच्याकडे जनावरांचा भाव तोंडाने होत नाही. घेणारा आणि विकणारा उपरण्याखाली एकमेकांची बोटं दाबून भाव ठरवतात, बघणाऱ्याला काही कळत नाही. मी धंद्यात आले तेव्हा बाईचा हात उपरण्याखाली धरायला कोणी तयार होईना. मग मी भाव ओरडून सांगायला लागले. अख्ख्या बाजाराला ऐकू जायचं, लोक हसायचे, पण माल खपायचा. जेंडरबाईला कोणीतरी हे सांगितलं आणि ती एका मंगळवारी लेंड्यांतून वाट काढत माझ्यापुढे उभी राहिली. तिने तिचा नेहमीचा प्रश्न विचारला, "असं कोणी ठरवलं?" मी म्हणाले, शेळी घ्यायची असेल तर उभी राहा, नाहीतर सावली सोड. ती संध्याकाळपर्यंत तिथंच उभी होती. त्या दिवसापासून आमचं जमलं.

लिंगभाव समानता आणि विकास या विषयाचं पदव्युत्तर शिक्षण परदेशात मिळतं, तेही आपल्यासारख्या गरीब देशांतल्या काम करणाऱ्या माणसांना बोलावून, हे मला तिच्यामुळे कळलं. तिने अर्ज केला. कॉम्प्युटरवरून मुलाखत होती आणि नेमकी त्या दुपारी लातुरात लाइट गेली. माझ्या घरी इन्व्हर्टर होता, म्हणून ती धावत आली. मुलाखत माझ्या स्वयंपाकघरात झाली. मागे गोठ्यात शेळ्या ओरडत होत्या. पलीकडच्या मॅडमनी हा आवाज कसला म्हणून विचारलं, तेव्हा तिने काय उत्तर दिलं ते मला इंग्रजीत कळलं नाही, पण ते लोक बराच वेळ हसले. नंतर मी विचारलं तर म्हणाली, "मी सांगितलं, या माझ्या परीक्षक आहेत, रोज परीक्षा घेतात." तिची निवड झाली.

समुद्रातल्या एका थंड देशात ती अर्धं वर्ष राहिली. सोबत शेंगदाण्याची चटणी आणि माझ्या धाकट्या मुलाचं स्वेटर घेऊन गेली. दर रविवारी तिचा निरोप यायचा, स्वतःच्या आवाजात, लांबलचक. वर्गात कुठल्या कुठल्या देशांतल्या बायका आणि चार पुरुषही होते. आफ्रिकेतली एक वकील तिची मैत्रीण झाली होती. तिच्याकडेही बहिणी जमिनीचा वाटा भावाला सोडतात, हे ऐकून जेंडरबाईला कोण आनंद झाला होता, जसं काही गाववालीच भेटली. तिकडे जमिनीतूनच कढत पाणी वर येतं आणि घराघरात खेळवलेलं असतं, असं तिने सांगितलं. आमच्या गल्लीत तेव्हा टँकर चालू होता. मी तिला निरोप पाठवला की एखादा नळ इकडे सोडतात का विचारून बघ.

ती तिकडे असतानाच माझे वडील गेले. वारस म्हणून सातबाऱ्यावर भावाचं, आईचं आणि माझं नाव लागलं. तेराव्यानंतर थोड्या दिवसांनी भाऊ साडी घेऊन आला आणि म्हणाला, गुरुवारी शिरूरला ये, हक्कसोडला सही करायची आहे. आमच्याकडे यात विचारण्यासारखं काही नसतं. बहीण रजिस्ट्रीच्या ऑफिसात जाते, अंगठा देते, वाटा सोडते. भाऊ हॉटेलात जेवू घालतो आणि साडी नेसवतो. त्याच्या बदल्यात पंचमीला आणि दिवाळीला तिला माहेर राहतं. माझ्या आईने असंच केलं, आत्याने असंच केलं. मीही साडी ठेवून घेतली होती.

फक्त त्या रविवारी तिचा फोनच आला, तेव्हा मी ते जेंडरबाईला सांगितलं. तिकडे वर्गातले सगळे जेवायला जमले होते, मागून दहा भाषांतलं हसणं ऐकू येत होतं. सही करू नका, असं ती म्हणाली नाही, हे मी खरं तेच सांगते. ती म्हणाली, "अक्का, बाजारात तुम्ही बकरीचं पिल्लूसुद्धा फुकट देत नाही. मग हे काय देऊन राहिला तुम्ही?"

एवढंच. पण हे वाक्य माझ्यासारख्या बाईला सांगायचं म्हणजे वाळल्या कडब्यात काडी टाकायची. गुरुवारी मी गेले नाही. भाऊ घरी येऊन ओरडला, मी त्याच्याहून मोठ्याने ओरडले. आमच्या घरात ते काम मलाच चांगलं जमतं. तिकडून जेंडरबाई मला कायदा सांगायची, मी इकडे तलाठ्याला आणि तहसीलला सांगायचे. ती परत येईपर्यंत गावातले चार लोक मध्ये पडले आणि माझा वाटा निघाला. पांदवाटेच्या कडेचं रान, मुरमाड, पण माझ्या नावावर. तिथं मी चारा लावला.

आणि माहेर तुटलं. पंचमीला बोलावणं आलं नाही. दिवाळीला आलं नाही. आई शेजारणीच्या फोनवरून बोलायची, तेही हळू आवाजात आणि 'ठेवते' म्हणत म्हणत. मी जिंकले म्हणून बचत गटात पेढे वाटले गेले होते. मी एक खाल्ला, चव कळली नाही.

जेंडरबाईचा शेवटचा प्रबंध याच विषयावर होता, मराठवाड्यातल्या बहिणींचं हक्कसोड. त्यात नाव बदलून मी होते, माझ्या शेळ्या होत्या, माझं ओरडणंही होतं. तो तिने मोठ्या सभागृहात वाचून दाखवला. तिथं कोणीतरी विचारलं, तुझी पाळी येईल तेव्हा तू काय करशील? ती म्हणाली, मी सही करणार नाही. लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. हे तिने परत आल्या आल्या मला सांगितलं, माझ्या ओट्यावर बसून, चहा गार करत. तिचे वडील तेव्हा धडधाकट होते.

परत आलेली जेंडरबाई आधीसारखी नव्हती. पूर्वी ती बैठकीत बोलायची, आता बायकांना बोलू द्यायची. शिकून आली ती हेच, असं मला वाटतं. पण संस्थेला त्याचं काही नव्हतं. त्यांना फोटो पाहिजे असायचे, किती बायका 'सक्षम झाल्या' त्याचा आकडा पाहिजे असायचा. एकदा ती शिरूरहून परत येताना माझ्याकडे थांबली आणि खाटेवर पडून म्हणाली, "तिकडं वाटलं होतं, एवढं शिकलं की काम सोपं होईल. आता फक्त कळून राहिलं की किती अवघड आहे."

दोन वर्षांनी तिचे वडील गेले. तिने मला फक्त मयत कळवली. सहीची तारीख कळवली नाही. ती मला कळली नांदेडच्या बाजारात, इस्लापूरकडच्या एका व्यापाऱ्याकडून. दुसऱ्या दिवशी किनवटच्या रजिस्ट्रीला जायला तिच्या भावाने त्याची जीप सांगून ठेवली होती. मी विकायला आणलेल्या शेळ्या तशाच नवऱ्याच्या हवाली केल्या आणि पहाटेच्या गाडीने किनवट गाठलं.

रजिस्ट्री ऑफिसच्या आवारात लिंबाखाली ते सगळे होते. भाऊ, दोन साक्षीदार, जीपमध्ये आई. म्हातारीला अर्धांग झालेलं, मान एका बाजूला. जेंडरबाई तिला चमच्याने पाणी पाजत होती. मला बघून तिचा चेहरा पडला. मी तिच्याशी बोललेच नाही. सरळ भावाकडे गेले.

तो म्हणाला, "तुम्ही कोण लागता हिच्या?"

"दलाल समज," मी म्हणाले.

मग मी सुरू झाले. अर्ध्या वाट्यापासून धरलं. तो नाही म्हणाला. मी त्याच्या साक्षीदारांना विचारलं की तुमच्या बहिणींनी काय घेतलं होतं. ते पायाने माती उकरायला लागले. अर्ज लिहिणारे, स्टॅम्पवाले, सगळे टपरीतून बाहेर येऊन उभे राहिले, कारण मला हळू बोलता येत नाही. त्याला लोकांची लाज वाटायला लागली, हे मी ओळखलं. लाज वाटलेला माणूस सौद्यात नमतो. दुपारपर्यंत तो एक एकरावर आला. ओढ्याकडचं, पाणी लागलेलं. मी आयुष्यात केलेल्या सौद्यांत तो सगळ्यात चांगला सौदा होता.

मी वळून तिला हाक मारली. ती जीपमधून उतरली, माझ्याजवळ आली, माझा दंड धरला आणि म्हणाली, "बस झालं, अक्का." आणि आत जाऊन सगळ्या वाट्याच्या हक्कसोडला सही केली. मशीनवर अंगठा दिला, फोटोला बसली. बाहेर आली तेव्हा भावाने साडी पुढे केली, ती तिने घेतली. तो जेवायला चला म्हणाला. मी एस. टी. स्टँडवर जाऊन बसले.

थोड्या वेळाने तीही आली. नांदेडच्या गाडीत आम्ही शेजारी बसलो. इस्लापूर गेलं, हिमायतनगर गेलं, मी खिडकीबाहेर बघत होते. भोकरच्या पुढे माझा बांध फुटला. माझं माहेर घालवलंस, म्हणाले. जमलेला सौदा मोडलास, म्हणाले. त्या टाळ्या कशाच्या घेतल्यास मग, असंही म्हणाले. गाडीतले लोक वळून बघत होते.

"त्या परत करता आल्या असत्या तर केल्या असत्या," ती म्हणाली. मग हळू बोलली. "तुम्ही भांडला तेव्हा घरी दाजी होते, लेकरं होती, बाजार होता. भावानं दार लावलं तरी तुम्ही रस्त्यावर नव्हता. मला ते एकच दार हाय. आई त्याच्या आत हाय. एक एकर घेऊन मी त्यात बसू कुठं, अक्का?"

मी म्हणाले, हे तुला मला सांगताना का नाही सुचलं? ती म्हणाली, "तेव्हा मलाबी माहीत नव्हतं."

तिच्या बोलण्यात खोट नव्हती, तरी माझा राग गेला नाही. अजून गेलेला नाही. वर्षभरात संस्थेचा प्रकल्प संपला. तिला दुसऱ्या राज्यात, बायकांना प्रशिक्षण देण्याचीच नोकरी मिळाली. नांदेड स्टेशनवर मी डबा घेऊन गेले होते. गाडी सुटेपर्यंत आम्ही चाऱ्याच्या भावाबद्दल बोललो. त्या आफ्रिकेतल्या मैत्रिणीने तिला विचारलं होतं की तुझ्या जमिनीचं काय झालं. अजून उत्तर दिलं नाही, असं ती दारात उभी राहून म्हणाली, आणि गाडी हलली.

आता बायका माझ्याकडे येतात. भावाने तारीख दिली की शिरूरहून, निलंग्याहून, कुठून कुठून फोन करतात, कारण या भागात वाटा घेतलेली बाई म्हणून माझं नाव झालं आहे. त्यांना वाटतं मी म्हणेन, भांडा. मी आधी विचारते, सही नाही केलीस तर पंचमीला कुठं जाशील? काही जणी सही करतात आणि मी त्यांना काही बोलत नाही. मला आता पूर्वीइतकं ओरडवतही नाही. ज्या करत नाहीत, त्यांना सांगते की पंचमीला माझ्याकडे या.

यंदा चौघी आल्या होत्या. बांगड्या भरल्या, मेंदी लावली, मी सगळ्यांना पुरणाचे दिंड उकडून घातले. दुपारी जेंडरबाईचा फोन आला. ती रजा काढून इस्लापूरला आली होती. किती जणी आल्या विचारलं, मी सांगितलं. मला नाही बोलावलं, म्हणाली.

"तुला माहेर आहे की," मी म्हणाले. "अख्खा वाटा देऊन घेतलेलं."

ती हसली नाही. भावजय लेकरं घेऊन स्वतःच्या माहेराला गेली होती. आईचं करायला घरात कोणी नव्हतं, म्हणून भावाने हिला बोलावून घेतलं होतं. हे तिने तक्रार म्हणून सांगितलं नाही, नुसतं सांगितलं. पलीकडे म्हातारी कण्हत होती.

"अक्का," ती म्हणाली, "लई महाग पडलं."

यावर माझ्याकडे बोलण्यासारखं पुष्कळ होतं, इतकी वर्षं साठवलेलं. बाहेर त्या चौघी झोक्याचा दोर पुरत नाही म्हणून मला हाका मारत होत्या. मी तिला म्हणाले, आईला पाणी पाज, आणि फोन ठेवून दुसरा दोर शोधायला गेले.