वाळे उतरवणाऱ्या ताई

वाटूरजवळच्या अंगणवाडीतल्या ताईंमुळे माझी पोरगी आज जिवंत आहे, हे आधी लिहिते.

आम्ही नंदुरबारकडून वीटभट्टीवर आलेली माणसं. मी चौथीत शाळा सोडलेली, त्यामुळे ताईंच्या वहीचीच मला भीती वाटायची. वजनकाट्याच्या झोळीत घालण्याआधी प्रत्येक लेकराचे वाळे, करदोडा त्या स्वतः उतरवायच्या.

मी एकदा म्हटलं, "ताई, राहू द्या ना वाळे. दृष्ट लागेल."

"मंग काय चांदीचं वजन लिहू, बाई?"

त्या महिन्यात पोरीचं वजन फारच कमी भरलं. तपासणीला आलेल्या मॅडम चिडल्या. "तुमच्याच गावात लेकरं सुकून राह्यली का? थोडं वाढवून लिहा."

"वाढवून लिहिलं तर हिला दवाखान्यात कोण घेईल, मॅडम?" ताईंनी खरा आकडा लिहिला आणि आम्हाला स्वतः इथे जालन्याच्या दवाखान्यात घेऊन आल्या.

पोरगी आता चमचाचमचा दूध पिते, पण रडायची ताकद अजून तिच्यात नाही. तिकडे ताईंना वजन खोटं लिहिल्याची नोटीस आल्याचं कळलं. चौकशी लागली की भट्टीवर खाडा पडला तरी मी जाईन, आणि घाबरत का होईना, तो आकडा खरा होता हे सगळ्यांसमोर सांगून त्यांचे उपकार फेडीन.